आमचं शिवार रिकामं नाही

प्रति,
बेळगावचा पुढचा बृहत् आराखडा (मास्टर प्लॅन) ज्यांच्या टेबलावर तयार होईल ते अधिकारी, नगररचनाकार आणि त्यावर सही करणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वडगावचा. दिवसा उद्यमबागेत, म्हणजे शहराच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर असतो, सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर. बळ्ळारी नाल्याच्या अलीकडे आमचा एक एकर बारा गुंठ्यांचा तुकडा आहे, उताऱ्यावर थोरल्या भावाचं आणि माझं नाव. शहर वाढलं की आमच्या शॉपला ऑर्डरी येतात, आणि शहर वाढलं की शेतावर डोळा येतो. त्यामुळे शहराच्या वाढीला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. माझं पोट त्याच वाढीवर आहे.

लिहायला कारण झालं ते एका नकाशाचं. दोन-तीन वर्षांपूर्वी, जुलैत, एका कचेरीत कामासाठी गेलो होतो. भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा लावलेला. पिवळं म्हणजे राहायची वस्ती, जांभळं म्हणजे कारखाने, हिरवं म्हणजे बागा आणि शेती, एवढं मला ठाऊक होतं. मी आमचं शेत शोधत होतो. सापडेना, म्हणून तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला विचारलं. पोरगा चांगला, नम्र. त्याने पेनाचं टोक नाल्याच्या दोन्ही अंगांनी फिरवलं आणि म्हणाला, "काका, हे सगळं व्हेकंट लँड."

व्हेकंट. त्या दिवशी सकाळीच मी गुडघाभर भातात उभा राहून भांगलण उरकून आलो होतो. नखांत चिखल होता. त्याला काही बोललो नाही, त्याचा काय दोष? नकाशावर घर नसेल ती जागा रिकामी, असंच त्याला शिकवलेलं असणार. पण ते "व्हेकंट" डोक्यातून गेलं नाही. पुढचा आराखडा आखताना हा एक शब्द तुमच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगाव, येळ्ळूर, हलगा हा पट्टा भाताचा. बेळगाव बासमती ज्याला म्हणतात तो इथलाच. पूर्वी फुलोऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी येळ्ळूर रोडने सायकल मारत आलं की वासावरून कळायचं कुणाच्या शेतात बासमती आहे आणि कुणी दुसरं भात केलंय. आता बासमती कमी झाला, इंद्रायणी आणि इतर जाती जास्त. तरी भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. पावसाळ्यात प्यालेलं पाणी ही काळी जमीन थंडीपर्यंत धरून ठेवते. हे तुम्हाला शेतीचं कौतुक म्हणून सांगत नाही. जी जमीन डिसेंबरात बिनपाण्याची मसूर पिकवते, तिने जुलै-ऑगस्टात किती पाणी पोटात घेतलं असेल, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही म्हणून सांगतो.

मी टर्नर आहे, मापं घेणं हा माझा धंदा, तेव्हा हिशोब मीच मांडतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आमचे ५२ गुंठे, म्हणजे ५६,६२८ चौरस फूट. भाताच्या बांधात अर्धा फूट पाणी सहज उभं राहतं, पिकाला त्रास होत नाही. अर्ध्या फुटाने झाले २८,३१४ घनफूट. लिटरमध्ये आठ लाख. पाच हजार लिटरचे टँकर धरले तर १६० टँकर. हे माझ्या एकट्याच्या तुकड्यात, आणि तेही वरवर उभं असलेलं पाणी. जमिनीत मुरलेलं वेगळं. आता नाल्याच्या दोन्ही अंगांचं शिवार डोळ्यांसमोर आणा आणि गुणाकार तुम्हीच करा. शहराने एवढी टाकी बांधायची म्हटली तर निविदा कितीची निघेल? आमच्याकडे ती आहे. बांधायला खर्च नाही, देखभाल आम्ही करतो, वर भातही देतो.

त्या तुकड्यात उद्या पिवळा रंग भरला आणि भराव घालून प्लॉट पाडले, की हे आठ लाख लिटर शेजारच्याकडे जाणार. शेजारच्यानेही विकलं की त्याच्या शेजारी. शेवटी ते कुठे जातं हे आम्ही २०१९ च्या ऑगस्टात पाहिलंय.

त्या आठवड्यात सगळा जिल्हाच पाण्यात होता, त्यामुळे वर्तमानपत्रांत आमच्या गल्लीला जागा मिळाली नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेकाठच्या गावांचं दुःख मोठं होतं हे मान्यच. पण वडगाव-शहापूरच्या सखल भागात नदी नाही, तरी घरात पाणी होतं. आमच्याकडे ते दारातून आलं नाही, आधी मोरीतून आलं. मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले, मग काळं पाणी वर चढलं, मग स्वयंपाकघरात. बायको आणि आई तांदळाचे डबे फळीवर चढवत होत्या. शेजारी विणकर. त्याचे दोन पॉवरलूम. त्याने आणि मी मिळून पान्याने मोटरी सोडवल्या आणि पलंगावर ठेवल्या. माग काही उचलता येत नाही. त्यावर अर्धी विणलेली साडी ताणलेली होती, ती तशीच भिजत राहिली. पुढे महिनाभर त्या घरात खट्टखट्ट आवाज नव्हता. वडगावात मागाचा आवाज बंद पडला की झोप लागत नाही, हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं थांबलं तेव्हा आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, खिळा घेतला आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला आडवी रेघ ओढली. म्हणाले, "पानी हितवर आल्तं. खूण असूं दे. उद्या कोन तरी इचारील." आजवर कुणी विचारलेलं नाही.

बळ्ळारी नाला तुमच्या नकाशावर केसाएवढी निळी रेघ आहे. प्रत्यक्षात तो वर्षातले आठ-नऊ महिने गटार आहे, शहराचं सांडपाणी वाहून नेणारं, गाळाने आणि जलपर्णीने भरलेलं. उरलेल्या तीन महिन्यांत त्याला आठवतं की आपण ओढा आहोत. मग तो रेघेत मावत नाही. नकाशा काढणाऱ्याने त्याचं पात्र उन्हाळ्यात मोजलं असेल तर आमचं सगळं शिवार कोरडं आणि "उपलब्ध" दिसणारच. म्हणून माझं पहिलं मागणं असं की नाल्याची रुंदी ऑगस्टात मोजा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं हे दर गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ती रेषा आराखड्यावर काढा, आणि तिच्या आत भरावाला परवानगी नाही असं स्पष्ट लिहा.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याला जमीन हिरव्यात अडकवून ठेवायची का? बरोबर प्रश्न आहे, आणि तो आमच्या घरातच आहे. थोरला भाऊ मला सरळ म्हणतो, "इकून टाकूया की रे. पोरं काय नाल्याकाठी नांगर धरायला येनार हाईत काय?" त्याचा मुलगा पुण्याला आहे, माझी मुलगी इथेच कॉलेजात. दोघांतलं कुणी भात लावणार नाही हे मलाही दिसतं. भाताच्या पोत्यात आणि गुंठ्याच्या भावात तुलनाच होत नाही. शेजारच्याचा सर्व्हे नंबर पिवळ्यात गेला आणि माझा हिरव्यात राहिला, तर तो बंगला बांधणार आणि मी त्याचं पाणी माझ्या बांधात साठवणार, फुकट. असा आराखडा कुठलाही शेतकरी मानणार नाही, आणि मानूही नये. हिरवा रंग द्यायचा तर त्याची किंमत द्या. तुमच्याच नगररचना कायद्यात हस्तांतरणीय विकास हक्काची, टीडीआरची सोय आहे, म्हणजे सोडलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. रस्त्यासाठी जागा सोडणाऱ्याला जो हक्क मिळतो, तो पाण्यासाठी जागा सोडणाऱ्याला का नको? माझी जमीन शहराची टाकी म्हणून राहणार असेल तर मला टाकीचं भाडं द्या. मग भाऊ काय म्हणतो ते बघू.

आता माझीही एक चूक सांगतो, नाहीतर हे पत्र फार सोवळं वाटेल. २०११ साली मीच एका एजंटाकडून दीड गुंठा घेतला. बॉण्डवर, म्हणजे नुसत्या स्टँप पेपरवर. एनए (बिगरशेती परवाना) नाही, लेआऊट मंजूर नाही, रस्ता म्हणजे चुन्याच्या दोन रेघा. एजंट म्हणाला, "सगळे असंच घेताव, पुढं सरकार रेग्युलर करतंच." मी का घेतला? लेथवर काम करणाऱ्याला मंजूर लेआऊटमधला तीस बाय चाळीसचा प्लॉट तेव्हाही झेपत नव्हता, आजही झेपत नाही. घरात दोन भावांची बिऱ्हाडं, आणि सहा बाय आठच्या खोलीत मुलीचा अभ्यास. स्वस्त जागा म्हणजे सखल जागा, हे तेव्हा कळलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात जाऊन पाहिलं तर माझ्या दीड गुंठ्यात बेडूक होते. तो प्लॉट कुणाच्या तरी भातशेतीचा कोपरा होता. म्हणजे ज्या शिवारासाठी मी आज गळा काढतोय, ते तोडायला दीड गुंठ्याचा हात माझाही लागलाय.

सरकारचं धोरणही एजंटाला खरं पाडत आलं. अक्रम-सक्रम, म्हणजे बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करायची योजना, तिची वाट आम्ही वर्षानुवर्षं पाहिली, २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. २०२० ला भू-सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायला मोकळीक झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत अनधिकृत वसाहतींना बी-खाता, म्हणजे मंजुरी नसलेल्या मालमत्तेच्या नोंदीचा कागद, द्यायची मोहीम निघाली. ज्यांनी पोटाला चिमटा काढून घर बांधलंय त्यांना कागद मिळाला, हे चांगलंच झालं. पण दर वेळी "झालं ते झालं" म्हणायचं आणि पुढच्यासाठी कायदेशीर स्वस्त जागा मात्र काढायची नाही, तर पुढचा टर्नर पुन्हा त्याच एजंटाकडे जाणार. माळावर, उंचावर, बसच्या वाटेवर वीस बाय तीसचे छोटे प्लॉट भरपूर काढा. उद्यमबाग, मच्छे, होनग्याला कामाला जाणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्या घराची सोय आराखड्यात नसली तर ती आराखड्याबाहेर होते, आणि सोय करून घ्यायची जागा म्हणजे आमचं शिवार.

माळ कुठे आहे हे मी सांगायला नको. कणबर्गीच्या बाजूचा खडकाळ उंचवटा, काकतीकडचा भाग, मच्छे-देसूरच्या अंगाची तांबडी जमीन. तिथेही शेतकरी आहेत, तिथेही उतारे आहेत, त्यांनाही नीट मोबदला लागेल, आणि पश्चिमेच्या तांबड्या मातीत रताळी-बटाटा काढणाऱ्या कडोली-उचगाव भागाला हात लावताना तेवढाच विचार करावा लागेल. पण पाणी साठवणारी काळी आणि पाणी सोडणारी माळाची जमीन यांत फरक करायचाच नाही, दोन्हीवर एकाच ब्रशने पिवळा मारायचा, हे नगररचनेत बसतं का ते तुम्हीच सांगा.

रस्त्यांचंही तेच. हलगा-मच्छे बायपास याच भाताच्या पट्ट्यातून काढला. शेतकरी कोर्टात गेले, पिकात जेसीबी उतरले, पोलिस बंदोबस्त लागला, ते सगळं सर्वांना माहीत आहे. मोबदल्याच्या भांडणात एक गोष्ट मागे पडली. सखल शिवारातून जाणारा रस्ता भरावावर बांधतात, आणि भराव म्हणजे पाण्याला आडवा घातलेला बांध. त्याच्याखाली पुरेशा मोऱ्या नसतील तर एका अंगाला तळं होतं आणि दुसऱ्या अंगाचं पीक वाळतं. आता तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या शेतांतून रिंगरोडही आखलेला आहे. रस्ता हवाच की नको यावर आमच्यात एकमत नाही, मी मतं सांगत बसत नाही. पण आराखड्यात रस्त्याची जाड रेघ ओढताना तिने किती ओढे-नाले ओलांडले ते मोजून लिहा. आणि रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडतातच, हे धरून चाला. तुम्ही रंग भरा न भरा, रस्ता स्वतःच रंग भरतो.

बेंगळुरूचं उदाहरण द्यायला जीव होत नाही, कारण तिथे आमचीच पोरं नोकरीला आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात आऊटर रिंग रोडवर आयटीवाल्यांना ट्रॅक्टरात बसून ऑफिस गाठावं लागलं. राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी नेणारे मोठे नाले, बुजवले, तळ्यांच्या काठी लेआऊट पाडले, मग पाऊस आला. आमच्या गल्लीतला एक पोरगा त्याच आठवड्यात घरी फोन करून म्हणाला, "आई, इथंबी मोरीतनंच येतंय."

लोकसंख्येचा अंदाज तुम्ही कशावर बांधणार हाही प्रश्नच आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात २०१२ ला सुवर्णविधानसौध, म्हणजे विधिमंडळाची इथली इमारत, उभं राहिलं, २०१६ ला शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी कधी शहराला चिकटली ते कळलंही नाही. वीस वर्षांचा आराखडा जुन्या आकड्यावर बेतला तर शर्टाचं माप लहानपणच्या फोटोवरून घेतल्यासारखं होईल. निदान वीजजोडण्या, रेशनकार्डं, शाळांचे पट एवढं तरी ताडून पाहा.

आणि पिण्याचं पाणी. राकसकोपचा तलाव १९६२ चा. नंतर हिडकल धरणाचं पाणी आलं. तरी उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या गल्ल्या आहेतच. आधी पाणी, मग वस्ती, हा क्रम या शहराला एकेकाळी कळत होता. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. मोजक्या दिवसांचा मेळा, पण त्यासाठी आधी विहीर खोदली. ती काँग्रेस विहीर आजही आहे, शंभरी झाली तेव्हा सगळ्यांनी तिचे फोटो काढले. कापडी मांडवांच्या वस्तीसाठीसुद्धा आधी पाणी पाहिलं गेलं. आम्ही सिमेंटची वसाहत आधी बांधतो, रस्ता मागून, गटार त्याच्या मागून, आणि नळ कधी ते देव जाणे.

भाषेचं बोलतो, आणि ते राजकारण म्हणून बोलत नाही. सीमावाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथे चालेल. पण आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती घ्यायला कायद्याने ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत वडगावच्या म्हाताऱ्याला आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात गेलाय हे कळलं पाहिजे की नको? नकाशा कन्नडात आणि इंग्रजीत, अक्षर भिंगाने वाचावं असं, आणि तो लावलेला कचेरीच्या भिंतीवर, जिथे जायला रोजगार बुडतो. भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. कन्नडात द्याच, ती राज्याची भाषा आहे, मीही ती रोज शॉपमध्ये बोलतो. शेजारी मराठीतही द्या. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, आणि पुढे एक शब्द: वस्ती, शेती, रस्ता, नाला. एवढी यादी चावडीत, पंचायतीत, देवळाच्या कट्ट्यावर लावली तरी पुरे. मराठी असो की कन्नड, शेतकरी ती दहा मिनिटांत वाचेल आणि हरकत घ्यायची की नाही ते ठरवेल.

ते ६० दिवस पेरणीत किंवा सुगीत टाकू नका, ही आणखी एक विनंती. मसूर पेरून झाली की आम्ही मोकळे असतो.

एवढं लिहिलं, आता तुम्हाला आमंत्रण. ऑगस्टात, नागपंचमीच्या मागे-पुढे, एखाद्या सकाळी वडगावात या. गाडी मंगाई देवळाजवळ लावा, पुढे चिखल आहे. बूट मी देतो, उद्यमबागेतल्या पोरांचे गमबूट आहेत. शिवारातून नाल्यापर्यंत चालत जाऊ, नकाशा तुम्ही आणा. परतताना घरी चहा घ्या. पुढच्या खोलीत अण्णांनी खिळ्याने ओढलेली रेघ अजून आहे. अण्णा गेले, गेल्या दिवाळीला घराला रंग काढला, पण रंगाऱ्याला सांगून तेवढी पट्टी कोरी सोडलीय. जमिनीपासून तिची उंची मी मोजलेली नाही. टेप तुमच्याकडची आणा, म्हणजे आकडा तुमच्याच वहीत राहील.

आपला,
वडगावचा एक शेतकरी, उद्यमबागेतला टर्नर